क्रूझर बाईकला सॅडलबॅग: कोणती घ्यायची आणि नीट कशी बसवायची?

जुलै महिना, रिपरिप पाऊस, आणि मी पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वरला निघालो होतो. मुळशी धरणाच्या कडेकडेनं जाताना प्लास्टिक जळाल्याचा वास आला. आधी वाटलं, कुठल्यातरी हॉटेलमागे कचरा जाळत असतील. पण दोन-तीन किलोमीटर गेल्यावरही वास सोबतच येतोय म्हटल्यावर गाडी बाजूला घेतली. उजवीकडची नवीकोरी सॅडलबॅग खाली घसरून सायलेन्सरवर टेकली होती. तळाला तळहाताएवढं भोक, वितळलेल्या कडा सायलेन्सरला चिकटलेल्या, आणि आत टॉवेलच्या घडीत ठेवलेली माझी २०,००० एमएएचची पॉवरबँक. हात लावला तर चटका बसेल इतकी गरम.

लिथियम-आयन बॅटरी वापरताना साधारण ६० अंशांच्या वर जाऊ द्यायची नसते, चार्ज करताना तर ४५ च्या आतच. तिथे अजून दहा मिनिटं गेली असती तर काय झालं असतं, हा विचार मी नंतर रात्री लॉजवर केला. रस्त्यात डोक्यात एवढंच होतं, की बॅगेचे पैसे वाया गेले.

गंमत म्हणजे बॅग वाईट नव्हती. कापड चांगलं, शिलाई चांगली. मी तिच्यावर आठवडाभर व्हिडिओ बघितले होते, पण ती गाडीला कशाच्या आधारानं लटकणार आहे हे पाच मिनिटंही बघितलं नव्हतं. म्हणून हा लेख थोडा उलट्या क्रमानं लिहितोय: आधी आधार, मग बॅग.

सॅडलबॅग म्हणजे काय आणि क्रूझरला ती अवघड का जाते?

आपल्याकडे खांद्यावर टाकायची पडशी असते ना, दोन बाजूंना दोन कप्पे आणि मध्ये जोडणारा भाग, तीच कल्पना. घोड्याच्या खोगिरावर टाकायच्या तशा पिशव्या सीटवरून दोन्ही बाजूंना लटकवायच्या. पाठीवरच्या सॅकपेक्षा हे कधीही बरं. वजन तुमच्या खांद्यावर न येता गाडीवर येतं आणि गाडीवरही खाली राहतं.

ॲडव्हेंचर बाईकला सायलेन्सर सहसा वर उचललेला असतो आणि काही मॉडेल्सना सामानाच्या फ्रेमसाठी बोल्ट पॉइंटही दिलेले असतात. क्रूझरचं तसं नाही. माझ्याकडे मिटिऑर ३५० आहे. सीट जमिनीपासून ७६५ मिमी, म्हणजे बुटकी. मागे रुंद मडगार्ड, दोन बाजूंना दोन शॉकॉब्सर, आणि उजवीकडे खालून मागेपर्यंत गेलेला लांब सायलेन्सर. बजाज ॲव्हेंजरची रचनाही साधारण अशीच. सुपर मिटिऑर ६५० ला तर दोन्ही बाजूंना सायलेन्सर आहे. सीट खाली असल्यामुळे बॅग लटकली की तिचा तळ थेट चाकाच्या मध्यापर्यंत पोचतो. म्हणजे बॅगेच्या आतल्या बाजूला फिरतं चाक, खाली तापलेला सायलेन्सर, मागे इंडिकेटर आणि पुढे मागच्या माणसाचे पाय. या चौघांच्या मधल्या जागेत ती मावली पाहिजे आणि मावून तिथेच राहिली पाहिजे. तो "तिथेच राहिली पाहिजे" हा भाग लोक विसरतात. मीही विसरलो होतो.

दुकानात गाडी उभी असताना सगळं ठीकच दिसतं. चालताना शॉकॉब्सर दबतो, चाक मडगार्डच्या आत वर सरकतं, वळणावर बॅग आत-बाहेर झुलते, पावसानं पट्टे ओले होऊन सैल पडतात. माझी बॅग घरून निघताना सायलेन्सरपासून चांगली चार बोटं वर होती. पौडपर्यंतचे खड्डे तिला पुरेसे झाले.

सॅडल स्टे आणि साडीगार्ड

सॅडल स्टे म्हणजे बाजूला बसवायची लोखंडी नळीची चौकट. बॅग तिच्यावर टेकते, तिला पट्ट्यांनी बांधली जाते, आणि चाकाकडे किंवा सायलेन्सरकडे जाऊ शकत नाही. दिसायला साधी नळी असते, त्यामुळे त्यावर पैसे घालायला जिवावर येतं. पण बजेट कमी असेल तर माझं स्पष्ट मत: बॅग स्वस्तातली घ्या, स्टे चांगला घ्या. स्टे चांगला असेल तर साधी बॅगही वर्षानुवर्षं टिकते.

स्टे घेताना तो तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला हवा. "सगळ्या गाड्यांना बसतो" असं लिहिलेला घेऊ नका. दोन गाड्या दिसायला सारख्या असल्या तरी बोल्टच्या जागांत दोन सेंटिमीटरचा फरक असतो, आणि मग मेकॅनिक हातोड्यानं वाकवून बसवतो. स्टेला किती ठिकाणी आधार आहे ते मोजा. दोनच बोल्टवर उभा असलेला स्टे वजनानं हळूहळू फिरतो. निदान तीन बिंदू हवेत, आणि दोन्ही बाजूंच्या चौकटी मडगार्डच्या मागून एका आडव्या पट्टीनं जोडलेल्या असतील तर उत्तम. आणखी एक: नळीचा खालचा आडवा भाग सायलेन्सरच्या वर यायला हवा, म्हणजे बॅग सुटली तरी आधी नळीवर अडेल.

आता साडीगार्ड. डावीकडच्या मागच्या चाकावरची ती जाळी किंवा नळी गाडी घेतल्या घेतल्या काढून टाकायची फॅशन आहे. मीही काढली होती, "लूक" खराब होतो म्हणून. तिचं काम मागे बसणाऱ्याची साडी, ओढणी, पॅन्ट चाकात जाऊ न देणं हे आहेच, पण डावी सॅडलबॅग चाकापासून लांब ठेवायचं कामही ती फुकटात करते. त्याच ट्रिपमध्ये परत येताना डाव्या बॅगेची आतली बाजू टायरला घासून पातळ झालेली सापडली. उजवी जळाली आणि डावी घासली, एका दौऱ्यात दोन्ही. जळाली तर पैसे जातात. टायर आणि मडगार्डच्या मध्ये बॅग अडकली आणि चाक जाम झालं, तर घाटात काय होईल हे लिहायची गरज नाही.

कायदाही इथे स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला पक्की जागा, पायाला फूटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असायला हवं. त्यामुळे स्टे बसवताना मेकॅनिक म्हणाला "साडीगार्ड काढावा लागेल", तर आधी विचारा की स्टेमध्ये त्याची जागा घेणारी जाळी आहे का. काही स्टे तशा जाळीसकट येतात. नसेल तर दुसरा स्टे बघा.

बॅगेचे प्रकार

पहिला प्रकार सीटवरून टाकायच्या मऊ बॅगांचा. दोन बॅगा, मध्ये दोन रुंद पट्टे, ते सीटखालून किंवा सीटवरून जातात. काढायला-घालायला सोप्या, एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नेता येतात, लॉजवर खोलीत उचलून नेता येतात. रायनॉक्स, व्हायाटेरा, गार्डियन गिअर्स अशा भारतीय कंपन्या यात चांगलं काम करतात. वर्षातून चार-पाच ट्रिपा करणाऱ्या बहुतेकांना हेच पुरतं, पण स्टेसकट. पट्टे सीटखालून जात असतील तर सीट परत घट्ट बसते ना आणि लॉक नीट लागतं ना, ते हलवून बघा. जाड वेल्क्रोमुळे सीट अर्धवट बसलेली मी पाहिली आहे.

दुसऱ्या प्रकारात मऊ बॅगच असते, पण ती स्टेवर किंवा प्लेटवर क्लिपनं अडकते. सीटचा संबंध येत नाही, त्यामुळे मागच्याला बसायला आराम. महाग पडतं. महिन्यातून दोनदा बाहेर पडत असाल तर विचार करा.

तिसरा प्रकार म्हणजे क्रूझरवाल्यांचा जीव की प्राण: चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या, पुढे बकल लावलेल्या, कायमच्या बोल्टनं बसवलेल्या बॅगा. दिसतात झकास. ॲव्हेंजरवर तर शोभूनच दिसतात. पण आपल्या हवामानात त्यांचे हाल होतात. खरं चामडं कोकणातल्या पावसात एकदा भिजून बंद खोलीत राहिलं की बुरशी धरतं, आणि रेक्झिन दोन उन्हाळ्यांत घड्यांवर तडकतं. वरचं झाकण नुसतं येऊन टेकतं, त्यामुळे कडेनं पाणी आत जातंच. शिवाय बॅग निघत नाही, म्हणजे लॉजवर सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून वर न्यायचं. शहरात ऑफिसचा डबा, रेनकोट, कुलूप ठेवायला त्या छान आहेत. लांबच्या प्रवासाला मी घेणार नाही.

चौथा प्रकार, कडक पेट्या. प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या. कुलूप लागतं, पाणी जात नाही. पण गाडीची रुंदी वाढते आणि ती वाढलीये हे आपण लक्ष्मी रोडवर दोन रिक्षांच्या मध्ये शिरल्यावरच आठवतं. पेट्यांचं स्वतःचं वजनही बरंच असतं. ३५० सीसीच्या क्रूझरवर मला त्या अनावश्यक वाटतात.

वॉटरप्रूफ म्हणजे नेमकं काय?

फोन घेताना आपण आयपी रेटिंग बघतो, बॅगेच्या जाहिरातीतही तेच आकडे दिसू लागलेत. त्यांचा अर्थ बघू. आयपीएक्स ५ आणि ६ म्हणजे पाण्याचा फवारा, त्यात ६ जास्त जोराचा. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणं. इथे एक गफलत होते. ७ हा आकडा ६ पेक्षा मोठा म्हणून त्यात ६ आपोआप येतो असं नाही. दोन्ही चाचण्या वेगळ्या आहेत. ८० च्या वेगानं पावसात जाताना बॅगेवर जे पाणी आदळतं ते फवाऱ्यासारखं असतं, बुडवल्यासारखं नाही. त्यामुळे बॅगेला फवाऱ्याची चाचणी महत्त्वाची.

आकडा नसेल तर रचना बघा. पीव्हीसी ताडपत्रीसारख्या कापडाची, शिलाईऐवजी उष्णतेनं जोडलेल्या कडांची आणि तोंड गुंडाळून बंद करायची बॅग खरोखर पाणी अडवते. गुंडाळताना निदान तीन वळसे हवेत, म्हणजे बॅग तोंडापर्यंत भरायची नाही. शिवलेल्या बॅगेत सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येऊ शकतं, आतून टेप लावली असेल तरच थांबतं. "वॉटर रेझिस्टंट चेन" म्हणजे पाणी उशिरा आत जाईल, एवढंच.

मऊ बॅगांसोबत रेनकव्हर येतं. ते चालतं, पण दोन गोष्टी सांभाळा. वेगात त्यात वारा भरून फुगा होतो आणि फुगलेलं कव्हर सायलेन्सरला लागतं. दुसरं, मागच्या चाकाचं पाणी खालून उडून कव्हरच्या तळाशी साठतं आणि बॅग बादलीत ठेवल्यासारखी भिजत राहते. तळाला पाणी निघायला भोक आहे का बघा. मी तर कव्हरवर विसंबतच नाही. आतल्या कपड्यांना वेगळी जाड पिशवी वापरतो. भाजीवाल्याकडची पातळ नव्हे, खताच्या गोणीच्या आत असते तशी.

घरी चाचणी सोपी आहे. बॅगेत चारी कोपऱ्यांना वर्तमानपत्राचे बोळे ठेवा, बंद करा, बाथरूममध्ये शॉवरखाली दहा मिनिटं फिरवत राहा. कागद कोरडा तर बॅग पास. ऑनलाइन घेतली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत हे करा, आणि व्हिडिओ काढून ठेवा.

कापडाच्या वर्णनात ६०० डी, १००० डी, १६८० डी असे आकडे असतात. डी म्हणजे डेनिअर: त्या धाग्याच्या ९,००० मीटर लांबीचं वजन किती ग्रॅम. जास्त आकडा म्हणजे जाड धागा. पण जाड धागा म्हणजे मजबूत बॅग असं सरळ गणित नाही. नायलॉन आणि पॉलिस्टर वेगळे, विणकाम वेगळं, आणि बॅग फाटते ती बहुतेक वेळा पट्टा शिवलेल्या जागी. दुकानात बॅग हातात मिळाली तर पट्ट्याच्या मुळाशी चौकोनात फुली मारल्यासारखी शिलाई आहे का ते बघा आणि पट्टा जोरानं ओढा. दुकानदार काय म्हणेल याची काळजी करू नका. उष्णतेपुढे मात्र सगळीच कापडं हरतात. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. पावसात सायलेन्सरवर थेंब पडून चर्र आवाज येतो, म्हणजे तिथे १०० च्या वर तापमान आहे. पुढचं गणित तुम्हीच करा.

किती लिटर? खरं तर किती किलो?

लिटर वाचून अंदाज येत नसेल तर एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला २० ते २५ लिटर म्हणजे दोघांचे तीन-चार दिवसांचे कपडे, चपला, टूलकिट आरामात. त्याहून मोठी बॅग घेतली की आपण ती भरतोच.

वजनाची मर्यादा बॅगेवर आणि स्टेवर छापलेली असते, पण गाडीची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते आणि ती कुणी उघडत नाही. कमाल भार म्हणून जो आकडा दिलाय त्यात चालवणारा, मागचा, सामान, सगळं येतं. समजा तो १८० किलो आहे. तुम्ही ७५, मागे ६०, हेल्मेट-जॅकेट-बूट मिळून ८. उरले ३७. त्यात स्टे आणि रिकाम्या बॅगांचे सात-आठ गेले. म्हणजे हातात राहिले तीसच्याही आत. मिटिऑर स्वतः १९१ किलोची आहे, ती अवजड वाटते म्हणून काहीही चालेल असं आपण समजतो, पण शॉकॉब्सर आणि टायर यांना हिशोब कळतो.

दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. रद्दीवाल्याकडे असतो तसा लटकता काटा आता ऑनलाइन डिजिटल मिळतो, त्यावर दोन्ही बॅगा तोला. एक किलोचा फरक चालतो. तीन किलोचा फरक हँडल सोडल्याशिवाय कळतो.

बसवताना

स्टे स्वतः बसवता येतो, तासाभराचं काम आहे. पण बहुतेक स्टे शॉकॉब्सरचा वरचा बोल्ट वापरतात, आणि तो बोल्ट गमतीचा नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, मेन स्टँड नसेल तर हे काम गॅरेजमध्येच करा. एका वेळी एकच बाजू खोला. स्टेची पट्टी मध्ये आल्यामुळे जुना बोल्ट आखूड पडत असेल तर किटमधला लांब बोल्ट लागेल. नट पूर्ण चढून बोल्टचे दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. किटमध्ये साधे नट असतील तर नायलॉक नट आणून लावा, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. आधी सगळे बोल्ट हातानं सैल अडकवा, चौकट सरळ झाली की मग पान्यानं क्रमानं आवळा. एक बोल्ट आधीच पूर्ण आवळला की बाकीची भोकं जुळत नाहीत आणि मग ओढाताण सुरू होते. किती आवळायचा याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क रेंच नसेल तर नंतर सर्व्हिस सेंटरला नेऊन तेवढं तपासून घ्या.

आवळून झाल्यावर प्रत्येक नट आणि त्याखालची पट्टी यांच्यावरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा आणि फोटो काढून ठेवा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पहिल्या ५० ते १०० किमीनंतर बघायचंच, मग प्रत्येक ट्रिपच्या आधी. ही युक्ती मला एका एसटी वर्कशॉपमधल्या काकांनी सांगितली, ते पिवळा रंग वापरायचे.

मग बॅगा टाका, भरून, रिकाम्या नव्हे. दोघं जण सीटवर बसा आणि तिसऱ्याला मागून बघायला सांगा. शॉकॉब्सर दबलेला असतानाही बॅग आणि सायलेन्सरच्या मध्ये आडवा तळहात सहज जायला हवा. चाकाच्या बाजूला बॅगेला आतून जोरात ढकला, स्टे किंवा साडीगार्डच्या पलीकडे ती जाता कामा नये. मागच्याचे पाय फूटरेस्टवर नीट टेकतात का, टाच बॅगेच्या कोपऱ्याला अडते का, तेही त्यालाच विचारा. आपण पुढे बसून "बसतंय की" म्हणतो आणि तो बिचारा शंभर किलोमीटर पाय वाकडे करून बसतो.

इंडिकेटर लावा, दहा पावलं मागे जा आणि फोटो काढा. मागून सरळ आणि दोन्ही बाजूंनी तिरका. क्रूझरचे मागचे इंडिकेटर मडगार्डला लागून असतात आणि फुगलेली बॅग ते हमखास झाकते. माझ्या मागून येणारा मित्र माणगावला चहा पिताना म्हणाला, "तू वळताना काही दाखवतच नाहीस." मी तर दाखवत होतो. झाकत असतील तर बॅग पुढे सरकवा, नाहीतर इंडिकेटर मागे नेणारं ब्रॅकेट घ्या. नंबरप्लेट तर पूर्ण दिसलीच पाहिजे.

शेवटची चाचणी फोनचीच. सोसायटीतल्या स्पीडब्रेकरपाशी मित्राला उभं करा, स्लो मोशन लावून मागच्या चाकाचा व्हिडिओ काढायला सांगा आणि भरलेल्या बॅगांसकट हळू एकदा, थोड्या वेगात एकदा असे जा. उभ्या गाडीत न दिसणारं सगळं त्यात दिसतं: बॅग किती उडते, किती आत येते, कुठला पट्टा फडफडतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या पट्ट्याचं मोकळं टोक चेनपासून दोन बोटांवर नाचताना दिसलं. मोकळी टोकं गुंडाळून इलॅस्टिकमध्ये खोचा किंवा झिपटायनं बांधा. हूकवाली बंजी दोरी सॅडलबॅगसाठी वापरू नका, हूक सुटला तर दोरी चाकातच जाते.

भरताना

जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला, म्हणजे शॉकॉब्सरच्या जवळ. कपडे वर आणि मागे. मागच्या ॲक्सलच्या मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं, हँडल वेगात वळवळतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टायरमध्ये हवा डबलसीटसाठी दिलेल्या आकड्याइतकी भरा, टायर थंड असताना. शॉकॉब्सर कडक करायची सोय असते, मिटिऑरला सहा टप्पे आहेत. सामानासकट दोघं असाल तर दोन टप्पे वाढवून बघा, आणि दोन्ही बाजूंना सारखेच.

पॉवरबँक, लॅपटॉप, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सॅडलबॅगेत ठेवत नाही. सायलेन्सरच्या बाजूला तर कधीच नाही. त्या टँकबॅगेत किंवा पाठीवर. कंपनाचाही प्रश्न आहे. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींच्या कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरता राखणारी यंत्रणा बिघडू शकते, म्हणून फोन थेट हँडलला लावू नका, असं ॲपलनं २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. हार्डडिस्क बॅगेत टाकताना ते आठवा. ब्लूटूथ ट्रॅकर बॅगेत टाकायला हरकत नाही, फक्त तो आसपासच्या फोनांवर चालतो. हॉटेलच्या पार्किंगमध्ये उपयोगी, ताम्हिणीच्या जंगलात नाही.

चेनला छोटं कुलूप लावलं तरी मऊ बॅग ब्लेडनं कापता येते, तेव्हा मौल्यवान काही असेल तर जेवायला थांबतानाही सोबत घ्या. साइड स्टँडवर उभी करताना डावी बॅग भरलेली असली की गाडी जास्त झुकते आणि समुद्राकाठच्या मऊ जमिनीत स्टँड रुततो. मी नारळाच्या करवंटीचा तुकडा ठेवून बघितला, तो फुटला. चपटा दगड किंवा ठोकून सपाट केलेला डबा बरा.

कोकणातून परत आलात की बॅगा काढून गोड्या पाण्यानं धुवा. खारी हवा आणि वाळू चेनच्या दातांत बसते आणि पुढच्या वेळी चेन अर्ध्यात अडकते. जुन्या टूथब्रशनं दात साफ करा, वाळल्यावर मेणबत्ती घासा. स्टेच्या नळीवर जिथे पट्टा घासून रंग गेलाय तिथे गंज लवकर धरतो, तिथे रंगाचा एक हात द्या आणि वर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. बॅगेचा आतला भाग उन्हात उलटा करून पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका.